मॅमोग्राफीतील प्रकाश: सावलीची कड आणि रेखलेली रेघ

क्ष-किरण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचे क्ष-किरण चित्रण, करणाऱ्या यंत्रातील सगळी प्रकाशयोजना या एका अडचणीतून जन्माला आलेली आहे. स्तन प्रतिमा टिपणाऱ्या डिटेक्टरवर किती पुढे ओढून घेतला, त्वचेची घडी कुठे पडली, हनुवटी किंवा दुसऱ्या हाताची बोटे किरणांच्या वाटेत येतात का, हे सारे तंत्रज्ञ एक्स्पोजरच्या, म्हणजे किरण सोडण्याच्या, आधी, क्ष-किरण नलिकेखालून येणाऱ्या उजेडात पाहते. त्यानंतर किरण सुटतात आणि डोस शरीराला मिळून जातो. प्रतिमा तपासून चुका दाखवणारी सॉफ्टवेअर आता पुष्कळ झाली आहेत, पण ती बोलतात ती डोस दिल्यानंतर. त्याआधी बोलणारे साधन म्हणजे हा प्रकाश, आणि यंत्राच्या गुणवत्तेच्या चर्चेत त्याला जागा मिळते ती बहुधा सुट्या भागांच्या यादीत.

अलीकडे या दिव्याच्या जोडीला छोटा प्रोजेक्टर बसवावा, अशा कल्पना पुढे येत आहेत. दाब देणाऱ्या पारदर्शक पॅडलवर किंवा थेट त्वचेवर डिटेक्टरची हद्द, एक्स्पोजर ठरवण्यासाठी यंत्र वापरणार असलेला भाग, बायोप्सीचे (सुईने ऊतीचा नमुना घेण्याचे) लक्ष्य, मागील तपासणीच्या वेळची स्तनाची बाह्यरेषा असे बरेच काही रेखता येईल, असे त्यामागचे गणित आहे. या सुधारणेला माझा विरोध नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की किरणांची हद्द आखणाऱ्या कॉलिमेटरच्या पात्यांची सावली आणि प्रोजेक्टरने काढलेली रेघ या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, आणि त्यांना एकाच मापाने मोजणारे नियम या नव्या रचनेला पुरणार नाहीत.

आधी जुनी रचना पाहू. क्ष-किरण नलिकेतील ज्या लहानशा जागेतून किरण निघतात, त्या फोकल स्पॉटचा आकार नेहमीच्या चित्रणासाठी साधारण ०.३ मिलिमीटर आणि वाढीव आकाराच्या चित्रणासाठी ०.१ मिलिमीटर असतो. त्याच्या खाली, किरणांच्या वाटेत, तिरका आरसा बसवलेला असतो. बाजूच्या दिव्याचा प्रकाश या आरशावरून वळून खाली येतो आणि दिवा जणू फोकल स्पॉटच्याच जागी आहे असा भास निर्माण होतो. मग ज्या पात्यांनी क्ष-किरणांची हद्द आखली जाते, तीच पाती प्रकाशालाही अडवतात आणि त्यांची सावली स्तनावर पडते. मॅमोग्राफीत किरणांची ऊर्जा कमी, साधारण २५ ते ३५ किलोव्होल्टच्या आसपासच्या विद्युतदाबाने निर्माण झालेली असते, त्यामुळे आरशाचा पातळ थरसुद्धा त्यांना काहीसा अडवतो. म्हणून पुष्कळ यंत्रांत एक्स्पोजरच्या क्षणी आरसा बाजूला सरकतो आणि नंतर परत येतो.

या रचनेतील शहाणपण असे, की सावलीची कड आणि किरणांची कड एकाच पात्याने घडवलेली असते. पाते सरकले तर दोन्ही कडा एकत्र सरकतात. स्तन दोन सेंटीमीटर जाडीचा असो वा आठ, प्रकाश किरणांच्याच वाटेने उतरत असल्यामुळे त्वचेवर पडलेली कड त्या उंचीवरही खरी असते. कोणी कसली गणना केलेली नसते, कोणता आकडा यंत्रात भरावा लागत नाही. आरसा अर्ध्या अंशाने कलला तर परावर्तित प्रकाश एका अंशाने वळतो हे खरे, पण दिवा आरशापासून चारेक सेंटीमीटरवरच असेल, तर आभासी उगम एक मिलिमीटरहूनही कमी सरकतो आणि स्तनावरची कड मिलिमीटर-दीड मिलिमीटरने हलते. एवढी चूक या भूमितीत खपून जाते.

तरीही सावलीला निर्दोष मानण्याचे कारण नाही. फोकल स्पॉट ०.३ मिलिमीटरचा, तर दिव्याचा उजळणारा भाग त्याच्या कितीतरी पट मोठा. समजा एलईडीचा उजळ भाग ३ मिलिमीटर रुंद आहे, पाती त्याच्या आभासी जागेपासून २० सेंटीमीटरवर आहेत आणि दाबलेल्या स्तनाचा वरचा पृष्ठभाग ६० सेंटीमीटरवर. तर प्रकाशाच्या कडेवर ६ मिलिमीटरची उपच्छाया, म्हणजे अर्धवट उजेडाचा पट्टा, पसरते, आणि त्याच जागी क्ष-किरणांची कड मात्र ०.६ मिलिमीटरमध्ये संपते. म्हणजे तंत्रज्ञाला दिसणारी कड खऱ्या कडेपेक्षा दहापट पुसट असते. त्या ६ मिलिमीटरमधील नेमकी कोणती जागा 'कड' म्हणून डोळ्याने उचलायची, हे खोलीतील उजेडावर, त्वचेवर आणि बघणाऱ्याच्या थकव्यावर अवलंबून राहते. उजळ भाग लहान करणे, लेन्सने उगम आवळणे, पाती उगमापासून दूर नेणे, हे उपाय प्रकाशशास्त्रात नवे नाहीत. ते होत नाहीत याचे एक कारण मला असे दिसते, की कोणताही नियम ते मागत नाही.

नियम काय मागतात? अमेरिकेत १९९२ च्या मॅमोग्राफी गुणवत्ता कायद्याखाली केलेले नियम सांगतात, की कॉलिमेटरमधून प्रकाश जात असेल तर त्याची सरासरी प्रदीप्ती (पृष्ठभागावर पडणारा उजेड) १०० सेंटीमीटरवर किंवा यंत्राच्या कमाल अंतरावर, यांपैकी जे कमी असेल तिथे, किमान १६० लक्स असावी. आणि प्रकाशक्षेत्र व किरणक्षेत्र यांच्या कडांमधील फरकांची बेरीज, लांबीच्या किंवा रुंदीच्या दिशेने, उगम ते डिटेक्टर या अंतराच्या २ टक्क्यांहून अधिक नसावी. मॅमोग्राफीत हे अंतर साधारण ६५ ते ७० सेंटीमीटर असते, म्हणजे मुभा झाली १३ ते १४ मिलिमीटरची. छातीकडील बाजूला किरण डिटेक्टरच्या कडेपर्यंत पोचलेच पाहिजेत अशी वेगळी अट त्याच नियमांत आहे, त्यामुळे किरणांच्या बाबतीत ढिलाई नाही असे कोणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. पण प्रकाशाने काय दाखवावे याबाबत ढिलाई आहे. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे छातीकडच्या बाजूला प्रतिमेत न आलेल्या ऊतीची रुंदी ५ मिलिमीटरहून अधिक नको म्हणतात. तिथे माप टक्क्यांत नाही, मिलिमीटरमध्ये आहे, आणि ते ज्या गोष्टीची भीती आहे तिच्याशी जोडलेले आहे. ज्या तपासणीचे यश एक सेंटीमीटरहून लहान गाठी सापडण्यावर मोजले जाते, तिच्या प्रकाशाला सव्वा सेंटीमीटरहून जास्त सूट देणे हे मला विसंगत वाटते.

प्रदीप्तीच्या अटीची गोष्ट याहून रंजक आहे. १६० लक्स हा आकडा दिव्याचे वर्णन करतो, दिसण्याचे करत नाही. खोलीत छताचा ३०० लक्स प्रकाश असेल, तर उजळलेल्या भागावर ४६० लक्स आणि शेजारच्या भागावर ३००. म्हणजे कडेच्या दोन बाजूंचे गुणोत्तर जेमतेम दीड. सर्वसाधारण स्थिर क्ष-किरण यंत्रांसाठी अमेरिकी नियमांत कडेचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन बाजूंच्या उजेडाचे गुणोत्तर, किमान ४ असावा असे म्हटले आहे खरे, पण तो खोलीतील उजेडाचा हिशेब वजा करून. जो उजेड वजा केला, तोच तंत्रज्ञाच्या डोळ्यांपुढे असतो. दिवे मंद करा, हे उत्तर सोपे वाटते, पण त्याच खोलीत तंत्रज्ञाला तपासणीला आलेल्या स्त्रीला आधार द्यायचा असतो, स्तनावरील तीळ, व्रण, जखमेची खूण पाहून नोंदवायची असते. मंद उजेडात ते काम बिघडते.

त्यात पॅडलची भर पडते. ही पॅडल बहुधा पॉलिकार्बोनेटची असतात. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळवतो याचे माप) सुमारे १.५८, म्हणजे हवा आणि प्लास्टिक यांच्या प्रत्येक सीमेवर समोरून पडणारा सुमारे ५ टक्के प्रकाश परत फिरतो आणि दोन पृष्ठभाग मिळून सुमारे १० टक्के. छताच्या दिव्याचे असे प्रतिबिंब ज्या कोनातून तंत्रज्ञ पाहते त्याच कोनात पडले, तर पॅडलखालच्या त्वचेवर एक पांढुरका पडदा चढतो. आणि इथे एक गोष्ट घडते, जिच्याकडे रचनाकारांनी फारसे पाहिलेले दिसत नाही. पडदा नसता, तर त्वचा गोरी असो वा गडद, उजळ भाग आणि अंधारा भाग यांचे गुणोत्तर तेच राहिले असते, कारण दोन्हीकडचा प्रकाश त्याच त्वचेवरून परततो. पण पॅडलवरचे प्रतिबिंब त्वचेशी संबंध न ठेवता दोन्ही बाजूंवर सारखीच भर घालते. त्वचेवरून परतणारा प्रकाश जितका कमी, तितकी ही भर जड होते. गडद त्वचेवर कड लवकर हरवते ती त्वचेच्या दोषाने नव्हे, पॅडलच्या चकाकीने.

यावर दिवा अधिक प्रखर करावा, ही पहिली प्रतिक्रिया असते आणि काही प्रमाणात ती कामी येते. पण प्रखर प्रकाशाला मर्यादा आहे: स्त्रीचा चेहरा नलिकेच्या डोक्याला लागून, बाजूला वळवलेला असतो आणि पॅडलवरून उडालेला प्रकाश थेट तिच्या डोळ्यांत जाऊ शकतो. रंग बदलण्याचाही विचार होतो. डोळ्याची संवेदनशीलता उजेडात ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या रंगाला, सर्वाधिक असते. त्यामुळे तेवढ्याच शक्तीची हिरवी रेघ लाल रेघेहून उठून दिसते. उलट त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य आखूड तरंगलांबी अधिक शोषते, म्हणून गडद त्वचेवरून हिरवा प्रकाश लालपेक्षा कमी परततो; आणि लाल प्रकाश त्वचेत खोल शिरून पसरत असल्याने त्याची रेघ फुगते. सर्वांना चालेल असा एक रंग नाही, आणि तो शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा पॅडलची चकाकी कमी करण्याकडे आधी वळावे असे माझे मत आहे. चकाकीरोधक लेप देता येतो. अडचण अशी की हे पॅडल प्रत्येक तपासणीनंतर जंतुनाशकाने पुसले जाते; काही महिन्यांत उतरणारा लेप म्हणजे जाहिरातीपुरती सुधारणा. टिकाऊपणाची चाचणी पुसण्याच्या संख्येत मोजून द्यावी, अशी मागणी खरेदीदारांनी का करू नये?

आता प्रोजेक्टरकडे. प्रोजेक्टर पात्यांची सावली पाडत नाही, तो स्वतःजवळचे चित्र लेन्समधून फेकतो. त्या चित्रातील कड ही किरणांच्या कडेविषयीचे सॉफ्टवेअरचे विधान असते. विधान खरे असू शकते, पण ते खरे ठेवावे लागते. आरशाचे तेच उदाहरण घ्या: प्रोजेक्टरचा प्रकाश वळवणारा आरसा अर्ध्या अंशाने कलला, तर पूर्ण चित्र एका अंशाने फिरते आणि ५५ सेंटीमीटरवर जवळजवळ एक सेंटीमीटर सरकते. सावलीत जी चूक मिलिमीटर-दीड मिलिमीटरची होती, ती इथे सहा-सात पटींनी वाढते, आणि रेघ मात्र पूर्वीपेक्षा स्पष्ट, तजेलदार, विश्वास बसेल अशी दिसते. पुसट कड निदान आपली अनिश्चितता दाखवते. रेखीव रेघेत ती दिसतच नाही.

दुसरी अडचण जागेची. किरणांच्या वाटेत आधीच आरसा, फिल्टर आणि पाती यांची दाटी असल्यामुळे प्रोजेक्टर बाजूला बसवण्याकडे कल राहणार. तो फोकल स्पॉटपासून १० सेंटीमीटर बाजूला आणि स्तनापासून ६० सेंटीमीटरवर असेल, तर पृष्ठभाग गृहीत उंचीपेक्षा २ सेंटीमीटर वर किंवा खाली असताना चित्र सुमारे ३.३ मिलिमीटर सरकते. दाबलेल्या स्तनाची जाडी यंत्राला माहीत असते, ती पडद्यावर दिसतेही. म्हणून सॉफ्टवेअर ही चूक दुरुस्त करू शकते. पण पुष्कळ पॅडल मुद्दाम थोडी लवचीक किंवा कलणारी केलेली असतात, ज्यामुळे छातीकडचा जाड भाग आणि निपलकडचा पातळ भाग दोन्हींवर दाब नीट बसतो. अशा वेळी पुढची आणि मागची उंची वेगळी, आणि यंत्राजवळचा आकडा एकच. शिवाय चित्र नक्की कुठल्या पृष्ठभागावर पडायचे आहे, पॅडलच्या वर, पॅडलच्या खाली की त्वचेवर, हेही ठरवावे लागते, कारण पारदर्शक पॅडलवर ते अंशतः तिन्ही ठिकाणी दिसते. मग तंत्रज्ञाला दोन फिकट रेघा दिसतात आणि ती आपल्या अनुभवाने त्यांतली एक निवडते. ज्या अनुभवाला आधार म्हणून प्रोजेक्टर आणला, त्यालाच पुन्हा कामाला लावण्यासारखे हे झाले.

मग प्रोजेक्टर हवा कशाला, असे विचारता येईल. हवा, कारण टोमोसिंथेसिसने सावलीचेही वर्चस्व मोडले आहे. २०११ मध्ये अमेरिकेत या पद्धतीच्या पहिल्या यंत्राला मान्यता मिळाली. तिच्यात नलिका कमानीत फिरत अनेक कोनांतून चित्रे घेते. कंपनीनुसार ही कमान १५ अंशांपासून ५० अंशांपर्यंत आहे. दिवा मात्र नलिका मधोमध असतानाचे क्षेत्र दाखवतो. डिटेक्टरची रुंदी २९ सेंटीमीटर धरली आणि डिटेक्टरपासून ६ सेंटीमीटर उंचीवरील पृष्ठभाग पाहिला, तर नलिका साडेसात अंश कललेली असताना एका बाजूची कड सुमारे ८ मिलिमीटर आत सरकते, आणि २५ अंश कललेली असताना जवळपास ३ सेंटीमीटर. उजेडाच्या आत दिसणाऱ्या कडेजवळच्या ऊतीला काही कोनांतून किरण मिळतात, काहींतून नाही, आणि तिथली पुनर्रचित प्रतिमा कमकुवत राहते. एका दिव्याची एक सावली हे सांगूच शकत नाही. सर्व कोनांतून दिसणारा भाग आणि काहीच कोनांतून दिसणारा भाग असे दोन पट्टे दाखवायचे असतील, तर ते काम प्रोजेक्टरचेच. मोठ्या स्तनाचे चित्रण दोन तुकड्यांत घ्यायचे का, बाहेरची बाजू मध्ये आणायची का, हे तंत्रज्ञाला दाब देण्याआधी ठरवता येईल.

इम्प्लांट असलेल्या स्तनातही असाच उपयोग आहे. फिल्मच्या काळात एक्स्पोजर ठरवणाऱ्या संवेदकाची जागा पॅडलवर छापलेल्या खुणांनी दाखवली जाई आणि तंत्रज्ञ ती निवडत असे. डिजिटल यंत्रांत पुष्कळदा डिटेक्टर स्वतःच हे काम करतो आणि दाट भाग सॉफ्टवेअर निवडते. निवडलेला भाग इम्प्लांटवर पडला, तर एक्स्पोजरचे गणित बिघडते. तो भाग आधी दिसला, तर थांबता येते. बायोप्सीच्या सुईसाठी मात्र मला प्रोजेक्टरची फार गरज वाटत नाही. सुईच्या मागच्या टोकाची सावली तिच्या त्वचेतील प्रवेशबिंदूवर आणून सुई किरणांना समांतर धरण्याची जुनी पद्धत उत्तम आहे. आभासी उगम एक सेंटीमीटर चुकला, तरी ५ सेंटीमीटर खोलीवर सुईचे टोक मिलिमीटरच्या आतच सरकते. जिथे सावली पुरते, तिथे रेघ कशाला आणायची?

एक आक्षेप अनुभवी तंत्रज्ञांकडून येतो आणि तो वजनदार आहे. निकृष्ट मॅमोग्रामचे सर्वांत मोठे कारण पोझिशनिंग, म्हणजे स्तन यंत्रावर नीट बसवणे, हे असते, आणि पोझिशनिंग हातांनी होते. स्तनाखालची घडी मोकळी करणे, तिरक्या चित्रणात छातीचा स्नायू निपलच्या पातळीपर्यंत आणणे, ताठरलेल्या स्त्रीचा खांदा सैल करवून घेणे, यांतले काहीही प्रकाश करत नाही. जी ऊती डिटेक्टरवर आलेलीच नाही, तिच्यावर कितीही सुंदर रेघ पडली तरी ती प्रतिमेत येणार नाही. हे मला मान्य आहे. किंबहुना म्हणूनच प्रकाशाने तंत्रज्ञाचे लक्ष हातांवरून आणि त्या स्त्रीवरून स्वतःकडे ओढू नये असे वाटते. दाबाखाली काढलेला प्रत्येक सेकंद त्या स्त्रीच्या अंगावर निघतो. त्या सेकंदात तंत्रज्ञाने पॅडलवरची पाच चिन्हे वाचत बसू नये. स्पष्ट कडेचा लाभ साधा आहे: पाहायला लागणारा वेळ कमी होतो आणि शंका आल्यामुळे पुन्हा घ्यावे लागणारे चित्र काही वेळा टळते.

याच कारणासाठी अंगावर काय रेखावे यालाही हद्द हवी. प्रोजेक्टर आला की त्यावर नाव, ओळख क्रमांक, बाजू, चित्रणाचा प्रकार, मागील तारीख असे सगळे दाखवण्याचा मोह होणार. चुकीच्या व्यक्तीची किंवा चुकीच्या बाजूची तपासणी टळावी हा हेतू चांगला आहे, पण ती खात्री स्त्रीने यंत्राजवळ येण्याआधी, डिटेक्टर रिकामा असताना, त्याच पृष्ठभागावर अक्षरे दाखवून करता येते. स्तन दाबलेला असताना त्याच्यावर स्वतःचे नाव आणि मागील संशयाचे वर्तुळ उमटलेले कोणाही स्त्रीला खाली पाहिल्यावर दिसू नये. रचनाकारांच्या आराखड्यात हे क्वचितच येते, कारण तिथे त्वचा हा केवळ प्रक्षेपणाचा पृष्ठभाग असतो.

तेव्हा मानके ठरवणाऱ्यांकडून आणि यंत्रे विकत घेणाऱ्यांकडून माझ्या अपेक्षा अशा. किरणक्षेत्राची बाह्य हद्द नेहमी पात्यांच्या सावलीनेच दाखवली जावी. प्रोजेक्टरने तिच्या आत भर घालावी, तिची जागा घेऊ नये. छातीकडच्या बाजूसाठी प्रकाश आणि किरण यांच्यातील मुभा टक्क्यांऐवजी मिलिमीटरमध्ये लिहिली जावी. वार्षिक तपासणीत भौतिकशास्त्रज्ञ ही जुळणी रिकाम्या डिटेक्टरवर पाहतात. प्रोजेक्टर असलेल्या यंत्रात ती निदान तीन उंचींवर आणि कललेल्या पॅडलखालीही पाहिली जावी. कडेचा कॉन्ट्रास्ट खोलीचे दिवे चालू ठेवून, पॅडलमधून आणि गोऱ्यापासून गडदपर्यंतच्या नमुना-पृष्ठभागांवर मोजला जावा. उंचीचा आकडा मिळत नसेल, पॅडलचा प्रकार ओळखता आला नसेल किंवा आरसा जागेवर आल्याची खूण मिळाली नसेल, तर प्रोजेक्टरने अंदाजाने काहीही न रेखता विझून जावे. तेव्हा तंत्रज्ञासमोर पात्यांची सावली उरते, आणि काम तिच्यावर पुढे चालू शकते.